हात न लागलेली : १९६६ च्या एका एमजीबीचं प्रकरण

गाडी एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स गाडी, बांधणी १९६६ ची. रंग पेल प्रिमरोझ, म्हणजे लोण्यात चिमूटभर हळद कालवावी तसा. मीटरवर ६८,४१२ मैल. मालक एकच, आणि ते गेल्यावर त्यांची पत्नी. मार्च २०२१ मध्ये श्रॉपशरमधल्या लडलो गावाबाहेर ही गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती तेरा वर्षं एकाच जागी उभी होती. टायर बसलेले, कापडी टपावर धुळीचा थर, आणि ड्रायव्हरच्या सीटचं काळं कातडं उन्हाळ्यातल्या शेतासारखं भेगाळलेलं.

मी बर्मिंगहॅमला राहतो, मूळचा सांगलीचा. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सांगलीत गॅरेज होतं आणि त्यात बहुतेक अँबॅसेडर टॅक्सी यायच्या. अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे ब्रिटनच्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन. एमजीबीच्या आधीच्या, १९५५ च्या एमजीएमध्ये हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि एमजीबीत त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं आहे. बॉनेट उचललं आणि मला लहानपणीचं गॅरेज दिसलं: इनटेक आणि एक्झॉस्ट एका अंगाला, प्लग आणि डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या अंगाला, वर टॅपेटचं झाकण. गाडी घ्यायची इच्छा तिथंच झाली. घ्यायची की नाही हे मात्र पुढच्या दोन फेऱ्यांनी ठरवलं.

या गाडीच्या तीन वर्षांत सगळ्यांत अवघड गेला तो डाव्या सिलचा, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीचा, निर्णय. तिथं मी जास्त थांबणार आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशरमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात बनली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिचे भाग आजही इतके सहज मिळतात की १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ साच्यांवर अख्खी बॉडीच नव्याने काढायला घेतली. हातात पैसा असेल तर नंबराची पट्टी जुनी आणि बाकी सारी नवी अशी एमजीबी उभी करता येते. कित्येक गाड्यांचं थोडंफार असं झालंही आहे. सडलेली गाडी वाचवायला तोच रस्ता असतो, आणि चांगल्या रिस्टोरेशनबद्दल मला आदरच आहे. पण म्हणूनच जिचा पत्रा, रंग, कातडं, वायरिंग कारखान्यातून आलं तसंच आहे अशी गाडी आता शोधावी लागते. नवी बॉडी पैसे मोजून येते. १९६६ साली लागलेला रंग पुन्हा लावता येत नाही.

पाहणी

पहिल्या फेरीत मी इंजिन सुरू करायचा आग्रह धरला नाही. तेरा वर्षं उभ्या गाडीला बॅटरी जोडून चावी फिरवणं म्हणजे कोरड्या सिलेंडरवर रिंगा घासणं. मी बॉडीच पाहिली.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. रोडस्टरला वरचं छतही नाही, त्यामुळे दाराखालच्या दोन सिलवर सगळी मदार. सिल दिसायला एक पट्टी, पण आत तीन थर: बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आणि खाली दुमडून बसवलेली पट्टी. बाहेरचा पत्रा चकचकीत आणि आतला पडदा चाळणी झालेला, अशा गाड्या विकायला येतात. म्हणून सिलच्या बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. खाली झोपून सिलच्या खालच्या कडेवर बोट फिरवायचं. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे बारीक खळगे ठरावीक अंतराने लागत गेले तर पत्रा मूळचा. तिथं सलग वेल्डिंगचा उंचवटा किंवा लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लुकणाचा, गुळगुळीतपणा लागला तर कुणीतरी आधी येऊन गेलेलं आहे. या गाडीला दोन्ही बाजूंनी खळगे लागले. फक्त डाव्या सिलच्या मागच्या टोकाला, चाकाच्या अगदी पुढे, बोट आत गेलं.

मग दारं. जॅक लावून एक बाजू उचलली आणि दाराची फट पाहिली. बॉडी वाकत असेल तर फट बदलते आणि दार अडकतं. दोन्ही दारं उचललेल्या अवस्थेतही अलगद उघडली, अलगद लागली. डाव्या दाराच्या वरच्या कडेला, लहान तिकोनी काचेच्या पायाशी, बोटाच्या पेराएवढी तडा होती. ती एमजीबीच्या दारांची नेहमीची तडा. मी तिची लांबी मोजून वहीत लिहिली.

कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मी सगळ्या पत्र्यावर फिरवलं. मडगार्डवर, दारांवर, डिकीवर ते घट्ट बसलं, म्हणजे खाली लांबी नाही. बॉनेटवरून घसरलं, पण त्यात वावगं काही नाही, कारण त्या वर्षांच्या गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असे. मडगार्डच्या वरच्या धारेवर रंग झिजून खालचा प्रायमर दिसत होता. बेचाळीस वर्षं कुणीतरी दर रविवारी पॉलिश केल्याची ती खूण. इंजिनाभोवतीची वायरिंग कापडी वेष्टणाची, आणि त्यावर रंगाचा एक थेंबही नव्हता. गाडी पुन्हा रंगवलेली असती तर कुठेतरी शिंतोडा सापडला असता.

दुसऱ्या फेरीत कागद पाहिले. १९६६ चं जुनं लॉगबुक, एमओटीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीच्या, दाखल्यांची चळत, दरवर्षीच्या ऑइल बदलाची बिलं. दाखल्यांवरचे मैलांचे आकडे एकामागोमाग चढत गेलेले. २००५ नंतरचे दाखले सरकारी संगणकावरही ताडून पाहता येतात, तेही जुळले. शेवटचा २००८ चा. त्यानंतर गाडी रस्त्यावर नसल्याची रीतसर नोंद. गेडनच्या हेरिटेज ट्रस्टकडून नंतर मी कारखान्याच्या नोंदवहीचा दाखला मागवला. त्यात रंग पेल प्रिमरोझ, आत काळं कातडं, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी सोय), आणि १८जीबीने सुरू होणारा इंजिन क्रमांक. इंजिनावर तोच क्रमांक होता.

सौदा फार लांबला नाही. मालकांच्या पत्नीने, त्या बाईंनी, आठ हजार पौंड सांगितले, मी सिलचं भोक दाखवलं, साडेसात हजारांवर ठरलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. चहा देताना त्यांनी एकच गोष्ट विचारली: "तुम्ही तिला नवा रंग देणार का?" मी नाही म्हटलं. हे उत्तर पुढे मला महागात पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

जागं करणं

घरी आणल्यावर मी एक नियम ठरवला. थांबवणाऱ्या, वळवणाऱ्या आणि पेट घेऊ शकणाऱ्या गोष्टींत मूळपणाचा विचार करायचा नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या गोष्टींत घाई करायची नाही.

१९६६ च्या एमजीबीला ब्रेकची एकच ओळ आहे. ती फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून मास्टर सिलेंडर, मागचे व्हील सिलेंडर, रबरी नळ्या, पुढच्या डिस्कच्या कॅलिपरची सीलं, सगळं नवं. टायरवर १८०३ असा शिक्का होता, म्हणजे २००३ सालचा अठरावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर लाकडासारखं. पाचही टायर, स्टेपनीसकट, काढले. तारांची चाकं मी मडकं वाजवून घेतात तशी वाजवून पाहिली, प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी. ताणलेली तार टण् वाजते, ढिली तार बद्द. मागच्या दोन चाकांत बद्द आवाज जास्त निघाले, ती तारा बदलायला पाठवली.

पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागलं. ते जुन्या रबराला सोसत नाही. मी तेव्हापासून पाच टक्क्यांचं महागडं पेट्रोलच भरतो, शिवाय पूर्वी पेट्रोलमध्ये असलेल्या शिशाऐवजी व्हॉल्व्हच्या बैठकांसाठी मिळणारं द्रव्य घालतो.

इंजिनाला आठवडाभर वेळ दिला. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, दोन दिवसांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलत इंजिन हाताने फिरवलं. नवं ऑइल भरून, प्लग बाहेरच ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत स्टार्टर मारला. मग प्लग लावले. तिसऱ्या प्रयत्नाला चारही सिलेंडर धरले. क्लच प्लेट मात्र फ्लायव्हीलला चिकटलेली होती. इंजिन पूर्ण तापवलं, बंद केलं, टॉपमध्ये गिअर टाकून स्टार्टरने गाडी हलवली, क्लच दाबून ब्रेक मारले. चौथ्या खेपेला खाडकन सुटली.

टॅपेटचा आवाज येत होता. मी फोन सांगलीला लावून बॉनेटजवळ धरला.

"किती थाऊ ठेवलंस?" अण्णांनी विचारलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टॅपेटपाशी ठेवायच्या फटीचं माप.

"पंधरा. पुस्तकात तेवढंच आहे, अण्णा. पण आवाज येतोय."

"येऊ दे की. आवाज बंद करायला म्हणून टॅपेट कसू नकोस. घट्ट टॅपेट गप्प असते, आणि गप्प राहून व्हॉल्व्ह जाळते. काम्प्रेशन बघितलंस?"

"एकशे पन्नास ते पंचावन्न, चारही."

"मग हेड खोलू नकोस, बाळा. ज्याचं दुखत नाही त्याचं पोट फाडायचं नाही."

हेड अजूनही खोललेलं नाही. डायनमो, सीटमागच्या खणातल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडायची जुनी पद्धत), हे सगळं तसंच ठेवलं. ही व्यवस्था उलटी करून आल्टर्नेटर बसवायचा सल्ला अनेकांनी दिला. दिवसा चालणाऱ्या, रेडिओही नसलेल्या गाडीला त्याची गरज मला दिसली नाही. बॅटरीच्या झाकणाखाली 'पॉझिटिव्ह अर्थ' अशी चिठ्ठी चिकटवली, दुसऱ्या कुणी कधी केबल लावून गाडी सुरू करायला गेलं तर त्याला दिसावी म्हणून.

सिल

गाडी चालू झाली, पण माझ्या मनातून ते भोक जात नव्हतं. हिवाळ्यात मी ती एका नावाजलेल्या वर्कशॉपला दाखवली. त्यांचं म्हणणं असं: सिल बदलायचा तर पुढच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो, कारण मूळ सिल मडगार्डच्या आत पुढपर्यंत जातो. मागच्या मडगार्डच्या खालीही हात जाणार. डावी बाजू केली की उजवीही करावी. दोन्ही बाजूंना नवा रंग आला की तो पंचावन्न वर्षांच्या रंगाशी जुळणार नाही, म्हणून सगळी गाडी रंगवावी. खर्च सोळा हजार पौंड, गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. अर्धवट काम आम्ही करत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून सरळ येत होती. चांगल्या, जुन्या गाड्या अशाच पायऱ्या चढत संपतात. एका बाजूला माझ्या पोराला शेजारी बसवून मी ही गाडी पळवणार होतो. दुसऱ्या बाजूला बाईंना दिलेलं उत्तर. शब्द दिला म्हणून कमकुवत गाडी चालवणं हा पोरकटपणा झाला असता. पण भोक दिसलं म्हणून अख्खी गाडी सोलणं हाही घाईचाच निर्णय होता, कारण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नव्हता: आतला उभा पडदा शाबूत आहे का?

उत्तर मिळवायला तीनशे पौंडांचं काम पुरलं. एका वयस्क वेल्डरने सिलच्या पाणी निचरायच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. दोघांनी मिळून दोन्ही बाजू पुढून मागे इंचाइंचाने पाहिल्या. पडद्यावर वरवरचा तपकिरी गंज होता, पण कुठेही आरपार भोक नव्हतं, सांधा सुटलेला नव्हता. सडलं होतं ते फक्त डाव्या सिलचं मागचं खालचं टोक आणि त्याखालच्या दुमडलेल्या पट्टीचा वीतभर भाग. मागच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथं साठतो.

तिथं ठरलं की ठिगळ पुरेल. पडदा सडलेला निघाला असता तर मी दोन्ही सिल नवे घातले असते, रंग गेला तरी चाललं असतं. हा फरक मी इतका स्पष्ट लिहितो आहे कारण 'मूळ स्थितीतली' म्हणून चाळणी झालेल्या सिलवर गाड्या फिरवणारे लोकही मला भेटले आहेत.

वेल्डरने लखलखीत पत्रा लागेपर्यंतच कापलं, एक मिलिमीटरही पुढे नाही. काम होईपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, दारं बसवलेली आणि बंद. सिल कापलेला असताना बॉडी जरा जरी लवकली तर ती लवक वेल्डिंगने कायमची होते, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर फट मोजली. नव्या तुकड्यावर वेल्डिंगचे टिपके कारखान्याच्या अंतरानेच दिले. सीटमागच्या बॅटऱ्या आधीच काढून ठेवल्या होत्या, टाकीतलं पेट्रोलही.

रंगाचं काम मला सगळ्यात शिकवून गेलं. रंगवाल्याने कारखान्याचा कोड वापरलाच नाही. त्या कोडाने १९६६ चा ताजा रंग आला असता आणि तो शेजारच्या पत्र्यावर परका दिसला असता. त्याने शेजारचा रंग स्वच्छ करून, आज तो जसा फिका झाला आहे तसा डोळ्यांनी जुळवला. सहा नमुने पत्र्याच्या तुकड्यांवर काढून उन्हात धरले. नवा रंग सिलच्या घडीच्या रेषेपाशी थांबवला, दारापर्यंत येऊ दिला नाही. शेवटी दोन्ही सिलच्या आत गरम मेण फवारलं. एकूण खर्च ११०० पौंडांच्या आसपास. वाहन वारशाची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिचं टुरिन चार्टर म्हणून एक मार्गदर्शन आहे, इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली लिहिलेल्या व्हेनिस चार्टरवर बेतलेलं. जे आहे ते जपा, हस्तक्षेप कमीत कमी करा, केलेल्याची नोंद ठेवा, असा त्याचा रोख. ते मी नंतर वाचलं. आमच्या वेल्डरने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

रस्ता

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथं रस्ता कर भरावा लागत नाही. गाडीत मोठे फेरफार नसतील तर मे २०१८ पासून एमओटीही सक्तीची नाही. मी ती दरवर्षी करून घेतो. आपल्या डोळ्यांना सवय झालेली चूक दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडलं की गाडी आत, आणि वसंतात दोन-तीन जोरदार पाऊस होऊन रस्ते धुतले गेले की बाहेर.

माझा आवडता रस्ता क्रेव्हन आर्म्सवरून क्लनला जाणारा, बी ४३६८. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, मध्येच उघडणारं खोरं, मेंढ्या. टप काढून ठेवलेलं. ५० मैलांचा वेग इथं भरपूर वाटतो, कारण आपण जमिनीच्या इतक्या जवळ बसलेलो असतो की बाहेर हात काढला तर रस्त्याला लागेल असं वाटावं. स्टिअरिंग हलकं नाही, पण रस्त्याचा प्रत्येक खडा त्यातून हाताला कळतो. टॉपमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन ३३०० च्या पुढे फिरतं. डॅशबोर्डवरची ओव्हरड्राइव्हची कळ खाली केली की ते २७०० वर उतरतं आणि गाडीने सुस्कारा सोडल्यासारखं होतं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर आपल्याकडचे जुने ट्रक ड्रायव्हर मारायचे तसा डबल क्लच. तो जमला तो दिवस मला तारखेसकट आठवतो.

एकदा बिशप्स कॅसलच्या अलीकडे गाडी बंद पडली. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते आणि कार्ब्युरेटर भरले की थांबते. त्या दिवशी ती आलीच नाही. उजव्या मागच्या चाकाच्या पुढून हात घालून पंपावर पान्याचा हलका ठोका दिला, टिकटिक सुरू झाली, घरी पोचलो. त्या रात्री पंपाचे पॉइंट साफ केले. पोराने टॉर्च धरला होता. काय काळं झालं होतं आणि वीज कुठून जायची थांबली होती, हे त्याला डोळ्यांनी पाहता आलं.

काय बदललं याची वही आता ४६ पानांची आहे. काढलेला प्रत्येक मूळ भाग माळ्यावर खोक्यात आहे, चिठ्ठीवर तारीख आणि कारण लिहून: ब्रेकचे सिलेंडर, तारा, सिलमधून कापलेला तळहाताएवढा पत्रा, ज्यावर एका बाजूला अजून पेल प्रिमरोझ आहे. कापडी टपही गेल्या वर्षी तिथंच गेलं. मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून तिच्यातून काही दिसेनासं झालं होतं. पावसात मागचं न दिसणं धोक्याचं, म्हणून नवं टप बसवलं आणि जुनं न दुमडता गुंडाळून ठेवलं. ड्रायव्हरच्या सीटला दर सहा महिन्यांनी कातड्याचं मलम लागतं. एका भेगेच्या आतून पातळ कापड चिकटवून ती पुढे जायची थांबवली आहे.

दारावरची तडा मी दर एप्रिलमध्ये मोजतो. २०२१ मध्ये ती २३ मिलिमीटर होती. यंदा २४ भरली. २८ च्या पुढे गेली तर टोकाशी बारीक भोक पाडून तिथंच थांबवायची, असं वेल्डरशी बोलून ठेवलं आहे.